पाळण्याची कडी

तू माझ्या हाताला चावलीस, सगुणा. गाडीचं इंजिन चालू होतं. नामा पुढे स्टिअरिंगवर होता. कुसुम तुझ्या खांद्यावर होती आणि लाकूड कापावं तसा तिचा श्वास वाजत होता. आणि मी तुझ्या लेकीचा रिकामा पाळणा दोन्ही हातांनी हलवत होते. तू आधी म्हणालीस, "वन्सं, नगा." मग म्हणालीस, "वन्सं, पाया पडते तुमच्या." तुझे हात पोरीत गुंतलेले होते, म्हणून मग तू दातांनी धरलंस. अंगठ्याच्या खाली, मांसात. मी हात सोडवून घेतला नाही. तुझे दात तसेच ठेवून हलवत राहिले.

गाडी खोकली आणि बंद पडली.

"आक्का! काय केलंस हे?" नामा पुढून ओरडला.

तू दात काढलेस. ओठाला माझं रक्त लागलेलं होतं. तू रडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "मारलीत माझी पोर."

आता तूच गेलीस. तुझं तेरावं परवा झालं. बायका येतात, बसतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. गरीब होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात, गाईसारखी होती म्हणतात. मी ऐकून घेते. माझा हात त्यांना दाखवत नाही.

ती गाडी तुला कधी आवडली नाही, मलाही नाही. लढाईत जखमी माणसं वाहायची गाडी, देहूरोडला लष्करी भंगाराच्या लिलावात नामाने घेतलेली. पिंपरीचं आपलं रान कारखान्याला गेलं, रानातलं घरही गेलं. बाकीच्यांनी भरपाईच्या पैशांत कुठे ना कुठे चार भिंती उभ्या केल्या. माझा भाऊ लढाईत मोटार चालवून आलेला, त्याने चार चाकं आणली. म्हणाला, "आक्का, घर बी झालं आन् धंदा बी." धंदा म्हणजे लाउडस्पीकर. लग्नं, जत्रा, सत्यनारायण. टपावर दोन कर्णे, आत तबकड्यांची पेटी, आणि सगळ्याला वीज पुरवायला पुढच्या बैठकीखाली एक मोठी बॅटरी. तिच्यावरच इंजिन सुरू व्हायचं, तिच्यावरच कर्णे वाजायचे, तिच्यावरच टपातला एक दिवा लागायचा. ती चालली तर आपण चाललो, ती बसली तर आपण बसलो.

दोन बाजूंना दोन लाकडी बाकं होती. एकावर तू, एकावर मी. नामा पुढे पाय दुमडून. पहिल्या दिवशी तू बाकावर हात फिरवलास आणि म्हणालीस, "वन्सं, हितं मानसं मेली असतील."

मी म्हणाले, "घरात काय मरत न्हाईत?"

तू पंधरा दिवस त्या बाकावर गोमूत्र शिंपडत होतीस. मला वास यायचा, मी तोंड वाकडं करायचे, तू बघून न बघितल्यासारखं करायचीस. एवढ्याशा खोक्यात दोन बायका राहायच्या म्हणजे न बघितल्यासारखं करायला शिकावंच लागतं. तू ते माझ्या आधी शिकलीस.

कुसुम झाली तेव्हा तुझ्या आबांनी महाळुंग्याहून पाळणा पाठवला. शिसवी, जड, चार साखळ्यांचा. गावोगाव फिरणाऱ्या गाडीत असला पाळणा कशाला, झोळी बांधा म्हटलं मी. तू ऐकलं नाहीस. "माझ्या माहेरचा हाय," म्हणालीस, आणि विषय संपला. नामाने टपाच्या लाकडात एक लोखंडी कडी पिळून बसवली, पाळणा टांगला, सगळ्यांना गूळ वाटला.

त्या दिवसापासून बॅटरी उतरायला लागली. हे मी आज मागे बघून सांगते. तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाळण्याचा आणि बॅटरीचा काय संबंध?

ताथवड्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना कर्णा घोगरा होत होत गप्प झाला. नवऱ्या मुलाच्या चुलत्याने भर मांडवात विचारलं, "काय राव, नवरा जागा हाय अजून, आन् तुमच्या पेटीलाच झोप आली व्हय?" मांडव हसला. परत निघताना गाडी सुरू होईना, तेव्हा त्याच चुलत्याची बैलं लावून ती ओढून सुरू करावी लागली. तो म्हणाला, "पुढच्या खेपंला मोटार घरी ठिवा. बैलंच आणा, ती जास्ती वरडत्यात." नामा हसला नाही. तू पदर तोंडाला लावून हसलीस, ते त्याने पाहिलं.

मग त्याने बॅटरीच्या मागे लागायचं ठरवलं. आधी तिच्यातलं पाणी बघितलं, औषधाच्या दुकानातून शुद्ध पाणी आणून भरलं. मग तिच्या दोन टोकांवर पांढरं-हिरवं फूल धरलं होतं, ते काढायला मला सांगितलं. मी विसरले. तू ती टोकं चिंचेनं घासलीस, तांब्या घासावा तशी. लखलखली.

नामा डोक्याला हात लावून बसला. "अगं, ती काय देवाची समई हाय?"

"चकाकली का न्हाई?" तू म्हणालीस.

चकाकली होती. सकाळी गाडी मात्र सुरू झाली नाही. नामाने सोड्याच्या पाण्याने ती चिंच धुऊन काढली, वर ग्रीस चोपडलं, तरीही नाही. मग बॅटरी उचलून चिंचवडला चार्जिंगवाल्याकडे नेली. त्याने ती ठेवून घेतली, भरली, तपासली, आणि सांगितलं की बॅटरी ठणठणीत आहे, तुमच्या गाडीतच कुणीतरी तिला पितंय. मग नामाने डायनामो उघडला, त्यातले कार्बन बदलले. हॉर्नची तार सोडून ठेवली. कर्ण्यांच्या तारा सोडून ठेवल्या. दर दिवशी एकेक तार सोडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारून बघायचा. सेल्फ नुसता टिक करायचा आणि आपण तिघं एकमेकांकडे बघायचो.

त्याची एक परीक्षा होती. बॅटरीचं टोक सोडायचं आणि टोक आणि तार यांच्यामध्ये एक बारका दिवा जोडायचा. सगळं बंद असताना दिवा लागला तर कुठेतरी वीज गळते, नाही लागला तर गळत नाही. दुपारच्या उन्हात, कडुनिंबाखाली गाडी उभी करून, तोंड दिव्याला लावून तो ही परीक्षा करायचा. दिवा कधी लागला नाही. एकदाही नाही. गाडी स्वच्छ. आणि सकाळी पुन्हा टिक.

गाडीत खोट सापडली नाही की माणसांत शोधतात. नामाने तुला धरलं. "रातीला पोरीला पाजताना दिवा लावती आन् तशीच झोपती तू."

"न्हाई लावत."

"मग काय भुतं पित्यात बॅटरी?"

"कुसुमच्या डोक्यावर हात ठिवून सांगते, न्हाई लावत."

मी त्याला म्हणाले, "लेकीची शपथ घेतीया ती. आता गप बस." तो गप बसला नाही. दोन दिवस त्याचं चालू होतं. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तू बाकावर उभी राहिलीस, टपातला दिवा पिळून काढलास आणि त्याच्या हातात दिलास. "घ्या उशाला. आता काय लावणार मी?" सकाळी सेल्फ मारला. टिक. तू भाकरी थापत होतीस. वळून बघितलंही नाहीस. थापणं मात्र जरा जोरात चाललं होतं. तेव्हा मला तू पहिल्यांदा आवडलीस. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

आता कळतं की नामाची परीक्षा बरोबरच होती, पण वेळ चुकत होती. तो तपासायचा तेव्हा कुसुम झाडाखाली खेळत असायची. आणि कुसुम पाळण्यात नसली की तू पाळणा जुन्या लुगड्याच्या काठाने बाकाला घट्ट बांधून टाकायचीस. वाऱ्याने हलू नये, गाडीच्या हादऱ्याने हलू नये, कुणाच्या कोपराचा धक्का लागू नये. रिकामा पाळणा हलला की त्यातलं मूल जातं, हे तुला तुझ्या आईने सांगितलं होतं, मला माझ्या आईने. मीही जन्मात कधी हलवला नव्हता. नामानेही नाही. तो पाळण्याखालून वाकून जायचा, डोकं लागू नये म्हणून. आणि कुसुम झोपली, पाळणा हलायला लागला, की गाडीत कुणी खुडबुड करायची नाही, पोर उठेल. म्हणजे पाळणा हलायचा तेव्हा कुणी बघायचं नाही, आणि नामा बघायचा तेव्हा पाळणा हलायचा नाही. अख्ख्या पंचक्रोशीतल्या कुठल्याही घरात हे असंच झालं असतं.

महाळुंग्याला तुझ्या माहेरी आपण चार दिवस टेकलो होतो तेव्हा कुसुमला ताप आला. घसा सुजला. दूध नाकातून परत यायला लागलं. चाकणहून सायकलवर डॉक्टर आला. त्याने चमच्याने जीभ दाबून आत बघितलं, आणि चमचा पुसता पुसता सांगितलं की घशात पांढरा पडदा धरलाय, घटसर्प आहे. "इथं काही होणार नाही. आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या." एसटी गेलेली होती, पुढची संध्याकाळी. संध्याकाळपर्यंत पोर राहील का, असं तुझ्या आबांनी विचारलं. डॉक्टर सायकलची घंटी वाजवून बघत राहिला.

सेल्फ टिक. नामाने पुढून हँडल घातलं, खांदा निखळेपर्यंत फिरवलं. बॅटरीत ठिणगीपुरताही जीव नव्हता. आबांनी बैलं सोडून आणली, दोर बांधला, गाडी ओढली, नामाने गिअर टाकला आणि इंजिन लागलं. आपण निघालो. कुसुम मांडीवर आडवी झाली की गुदमरत होती. पाळण्यात डोक्याखाली उशी दिली की जरा बरं वाटत होतं, म्हणून तू तिला पाळण्यात ठेवलंस. आणि हाताला सवय, तू एक झोका दिलास. देवळापर्यंतही पोचलो नाही. खोकून बंद.

आबा बैलं घेऊन मागून पळत आले. पुन्हा दोर. कुसुमला पाणी पाजायला तू तिला उचललं होतंस, पाळणा बांधला होतास. गाडी लागली. पाळणा सोडलास, पोरीला ठेवलंस, आणि गाडी बंद. तिसऱ्यांदा तेच. मग तू म्हणालीस, अगदी हळू, "वन्सं, हिला घेतलं की गाडी मरतीया. गाडीला ही नको हाय. मी उतरते. माझ्या मांडीवर जाऊ दे तिला, आबांच्या दारात."

तू खरंच उतरायला लागलीस. एक पाय खाली होता तुझा.

मोटारीतलं मला काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण पोर रडलं की आधी कुणाचा हात लागला ते बघायचं, एवढं कळतं. गाडी रडत होती ती तुझा हात पाळण्याला लागला की. मी आबांना विचारलं, "बैलं चाकणपत्तुर येतील का?"

"येतील की."

"पुण्यापत्तुर?"

त्यांनी खाली बघितलं. तेव्हा माझं ठरलं. जे काही मोडलंय ते इथेच, बैलांच्या देखत मोडू दे. पुढे मोशीच्या माळावर मोडलं तर ओढायला कोण येणार? मी तुला दंडाला धरून आत घेतलं. आबांना पुन्हा ओढायला लावलं. इंजिन लागल्यावर नामाला सांगितलं, उभी कर, पाय दाबून ठेव, हलवू नको. पाळण्याची गाठ मी सोडली.

पुढचं मी वर लिहिलंय.

इंजिन बंद पडल्यावर गाडीत एवढी शांतता झाली की कडीतून बारीक चुरचुर ऐकू आली. आणि वास आला, केस जळल्यासारखा. नामा मागे आला. त्याने आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग तुझ्या तोंडाकडे, मग वर. कडीच्या भोवतीचं लाकूड काळं पडलं होतं. टपाच्या लाकडाआड पुढून मागे एक तार जात होती, मागच्या दाराशी दिव्याचं बटण होतं तिथपर्यंत. दिवा असो नसो, त्या तारेत वीज असायचीच. कडीचं टोक त्या तारेत घुसलं होतं. पाळणा हलला की कडी हलायची, कडी हलली की तार बाजूच्या लोखंडी पट्टीला शिवायची, आणि होती नव्हती ती वीज तिथून वाहून जायची. इतके दिवस थोडी थोडी जात होती. आता तार पार उघडी पडली होती आणि बॅटरीही रिकामी, म्हणून थेट इंजिनचाच जीव जात होता.

नामा एवढंच म्हणाला, "ही कडी मीच बसवली." पकडीने कडी उपटली. पाळणा धाडकन बाकावर आला. पुढून ती तार कापली, टोकाला चिंधी गुंडाळली. आबांनी बैलांना शेवटचं हाकललं. मागे वळून बघितलं तर आबा रस्त्यात उभे होते, दोर हातात तसाच.

त्यानंतर गाडी थांबली नाही. चाकण गेलं, इंद्रायणीचा पूल गेला, गाडी थांबली नाही. तू कुसुमला छातीशी उभं धरलं होतंस. माझ्या हातातून रक्त बाकावर टिपकत होतं. तू एका हाताने पदर दातात धरून फाडलास आणि माझा हात बांधलास. बांधताना माझ्याकडे बघितलं नाहीस. गाठ घट्ट मारलीस, जरा जास्तच घट्ट.

दवाखान्यात कुसुमला सुई टोचून आत नेल्यावर डॉक्टरने माझ्या हाताकडे बघितलं. "कुत्रं चावलं का आजी?"

मी म्हणाले, "व्हय. घरचंच."

तू भिंतीशी बसली होतीस. तुला नाकातून हसू फुटलं, आणि ते हसू मग रडण्यात गेलं, आणि रात्रभर गेलं. कुसुमचा पडदा सुटला. पोर आपल्या हातात परत आली. तू माझ्याशी बोललीस, पूर्वीसारखीच बोललीस, भाजीत मीठ किती ते विचारलंस. पाळण्याचं मात्र नाव काढलं नाहीस. कुसुम पुढे तुझ्या कुशीतच झोपली. पाळणा टपावर बांधून ठेवला.

मग नामाला पिंपरीच्या कारखान्यात ड्रायव्हरची नोकरी लागली. आपल्याच रानात तो आता दुसऱ्याची मोटार चालवतो. चिंचवडला खोली घेतली. गाडी खोलीमागे विटांवर उभी केली, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. भिंतीला खिडकी असलेल्या घरात तू पहिल्या दिवशी नुसती खिडकीशी उभी राहिलीस. मला वाटलं, आता निवांत झालं सगळं.

मुलगा झाला. आठवडाभर राहिला. पुढच्या खेपेला मुलगी झाली, ती रडलीच नाही. तेव्हा मी तुझ्या पायांना तेल लावत होते. तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "एक राखलीत वन्सं, आन् दोन घालवलीत."

मी म्हणाले, "पाळणा हलवला नसता तर ती एकबी राहिली नसती."

"वरवंटा ठिवायचा व्हता."

"काय?"

"बारशाला ठिवत्यात तसा. पाळण्यात वरवंटा ठिवायचा आन् मग हलवायचा. गाडीबी बंद पडली असती, पाळणाबी रिकामा नसता. तुमच्या पायापाशीच तर व्हता, बाकाखाली."

मी तेलाची वाटी उचलली आणि चुलीशी जाऊन बसले. बारशाच्या आधी पाळण्यात दगड निजवतात ते मला काय ठाऊक नव्हतं? कितीतरी बारशांत मीच निजवलाय. त्या दिवशी आठवला नाही. तुला आठवला. कधी आठवला, तिथेच, दात माझ्या हातात असताना, की मागून, दोन पोरं गेल्यावर? हे मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. नंतर तू गरोदर राहिलीस आणि असला विषय काढायची सोय राहिली नाही.

भांडण असं अर्धंच राहिलं. माझा अर्धा वाटा असा: मला आजही तो पाळणा हलवावा लागला तर मी हलवीन. तुझी ती दोन पोरं पाळण्याने गेली असं मी मानत नाही. मग कशाने गेली असं तू विचारलं असतंस, आणि ते मला सांगता आलं नसतं. पण वरवंट्याचं तुझं बरोबर होतं. ते मी तुझ्या तोंडावर कबूल केलं असतं तर माझं काय जाणार होतं? तुला तेवढंच हवं होतं की काय, कुणास ठाऊक.

तूही सगळं बोलली नाहीस. थंडीत माझा अंगठा आखडतो, तू चावलीस तिथून वर. ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं. पण थंडी पडली की तू माझ्या आधी उठून जात्यावर बसायचीस. मी उठेपर्यंत पीठ तयार. विचारलं तर म्हणायचीस, "जाग आली म्हणून बसले." दर थंडीत तुला बरी जाग यायची.

या खेपेला दुपारी कळा लागल्या. सुईण चांगली होती, मी तिच्या हातावर नजर ठेवून होते. मूल आलं. तू डोळे मिटूनच विचारलंस, "रडलं का?" मी म्हणाले, "रडतंय की. ऐकू येत न्हाई का तुला?" खोली दणाणून गेली होती त्याच्या रडण्याने, आणि तू पुन्हा विचारलंस, "वन्सं, रडलं का?" मी त्याला तुझ्या कानाशी धरलं. तुला ऐकू गेलं की नाही ते मला सांगता येत नाही. तुझा चेहरा हलला नाही. रक्त थांबत नव्हतं. नामा कारखान्याची जीप घेऊन आला. ती जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. आम्ही तुला उचलून आत ठेवलं, आणि ती गल्लीतून बाहेर पडायच्या आतच सुईणीने तुझ्या हातावरचा हात काढला. पुढे बसलेल्या नामाला कळलं नव्हतं. तो चालवतच होता. मी त्याला लगेच सांगितलं नाही. थोडं चालवू दिलं.

आज बारसं केलं. गाणी म्हटली नाहीत. शेजारणी म्हणाल्या, एवढ्यात कशाला, पण मुलाला नाव तर हवं. नामाने गाडीच्या टपावरून पाळणा उतरवला, कोंबड्यांची घाण धुतली, आणि खोलीच्या तुळईला दोर बांधून टांगला. कडी ठोकली नाही. मी वरवंटा धुतला, तुझ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि आत निजवला.

कुसुम बघत होती. "आत्या, दगडाला का झोपवतीस?"

मी म्हणाले, "तुझ्या आयनं सांगितलंय."

पाळण्याला झोका दिला. मग दगड काढला आणि मुलाला ठेवला. तो हात घट्ट मिटून झोपलाय, कुसुम दोरी ओढतीय, आणि मी हे लिहितेय.

त्या दिवशी महाळुंग्याहून निघालेल्या गाडीत आपण चौघं होतो. त्यातला नामा आहे, कुसुम आहे, मी आहे. आणि तुझा मुलगा जगला.